कोणती लाईन?

भुसावळ सोडून नागपूरच्या बाजूला निघालं, की थोड्याच वेळात औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. तेच आमचं दीपनगर. गावाच्या नावातच दिवा. इथल्या पाचशे-पाचशे मेगावॅटच्या दोन संचांची वीज चारशे केव्हीच्या तारांवरून कुठल्या कुठे जाते, आणि त्याच तारांखालच्या एखाद्या वस्तीत संध्याकाळी बाई सवयीने म्हणते, ''लाईन गेली.''

काही वर्षांपूर्वी पुण्याचे एक स्नेही आमच्याकडे मुक्कामी होते. पंखा थांबला आणि पत्नीने हेच वाक्य उच्चारलं. पाहुण्यांनी विचारलं, ''कुठे गेली?'' त्यांच्याकडे 'लाईट' जाते. आमच्याकडे 'लाईन' जाते. जळगाव-धुळ्यात आणि पुढे विदर्भातही. अमळनेर-धुळ्याकडे अहिराणीत 'लाईन गयी' आणि तासाभराने 'लाईन उनी'. पुण्याला दिवा गेल्याचं दुःख, आम्हाला तार मेल्याचं. शेतकऱ्याच्या दृष्टीने आमचा शब्द जास्त बरोबर आहे असं माझं मत आहे. रात्री दोन वाजता केळीला पाणी द्यायला उठलेल्या माणसाला दिव्याशी काही घेणंदेणं नसतं. त्याला मोटार चालू होण्याशी काम.

मी भाषाशास्त्र शिकलेलो नाही. आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र आणि वाचनालयाचं कार्ड, एवढ्या भांडवलावर मी शब्द गोळा करतो. या एका शब्दासाठी वेगळी वही का घातली, ते पुढे येईल.

इंग्रजी कोशकारांमध्ये एक जुनी चर्चा आहे, सर्वांत जास्त अर्थांचा शब्द कोणता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वाधिक जागा 'सेट'ने अडवली होती. पुढच्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं. 'लाईन' या शर्यतीत नसते. पण ते त्यांच्या घरातलं गणित. परक्या घरी नांदायला आलेल्या शब्दाला तिथे किती कामं पडतात, हे मोजायचं तर खानदेशात 'लाईन'ला तोड नाही.

या शब्दाचं माहेर शोधत गेलं तर जवसाच्या शेतात पोचतो. लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम'. त्याच्या खोडातून निघणाऱ्या वाखाचा धागा ती 'लिनिया', आणि तिच्यापासून 'लाईन'. लिनन कापड त्याच घरचं. इजिप्तच्या ममींना गुंडाळलेलं कापड जवसाचंच होतं. आपण जवस पिकवला तो तेलासाठी आणि चटणीसाठी. त्याच्या धाग्याचं आपल्याला फारसं काही सुचलं नाही, कारण आपल्याकडे कापूस होता. तरी धाग्याचा मूळ अर्थ आमच्या गवंड्याने नकळत जपलाय. भिंतीचे थर सरळ यावेत म्हणून तो दोन टोकांना खिळे मारून जी दोरी ताणतो, तिला तो 'लाईनदोरी' म्हणतो. म्हणजे अक्षरशः 'दोरीदोरी'. शिंप्याकडेही गंमत आहे. ब्लाऊजला आतून लावायचं अस्तर म्हणजे 'लायनिंग'. ते पूर्वी लिननचं असे म्हणून ते नाव. आणि रेघारेघांचा शर्ट तोही 'लायनिंगचा शर्ट'. एकाच दुकानात, एकाच टेबलावर, दोन वेगळे शब्द एकच चेहरा घेऊन बसलेत, आणि गिऱ्हाईक आजवर कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

हा शब्द आपल्याकडे आधी आला तो फौजेबरोबर. कंपनीच्या लष्करात शिपायांच्या झोपड्यांच्या किंवा बराकींच्या रांगांना 'लाइन्स' म्हणत. १८२५ साली जेम्स आउट्रमने खानदेशात भिल्ल कोअर उभी केली. धरणगाव हे तिचं ठाणं. कवायतीची भाषा आमच्या मुलखात इतकी जुनी. 'पोलीस लाईन' हे त्याच पोटचं बाळ. तिथे राहणारी मुलं ''आम्ही लाईनीत राहतो'' म्हणतात, तेव्हा ती रांगेत उभी नसतात, घरात असतात. नागपूरच्या 'सिव्हिल लाईन्स'चं तर नावच उरलं. तिथे रांग शोधून सापडणार नाही.

मग रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, १८६०च्या दशकात रूळ खानदेश ओलांडून गेले, १८६७मध्ये नागपूर जोडलं आणि १८७०मध्ये जबलपूरमार्गे कोलकाता. भुसावळ मोठं जंक्शन झालं आणि 'लाईन' हा शब्द तिथल्या हवेत मिसळला. माझे वडील गँगमन होते. ''अप्पा कुठे गेले?'' याचं घरातलं उत्तर एकच : ''लाईनवर.'' यात रूळही आला, ड्यूटीही आली आणि घरापासूनचं अंतरही. गार्ड आणि ड्रायव्हर यांची लोखंडी पेटी म्हणजे 'लाईन बॉक्स'. मुख्य मार्ग 'मेन लाईन', स्टेशनात गाडी बाजूला घ्यायची ती 'लूप लाईन'. हा लूप लाईनचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो रूळ सोडून कचेरीत शिरलाय. नको असलेल्या अधिकाऱ्याला बिनकामाच्या खुर्चीवर बसवलं, की ''साहेबांना लूप लाईनला टाकलं'' म्हणतात. बाजूला उभी केलेली मालगाडी आणि मागून धडधडत निघून जाणारी मेल ज्याने पाहिली, त्याला यापेक्षा नेमकी उपमा सुचणार नाही.

लहानपणी अप्पांनी मला एकदा स्टेशन मास्तरांच्या खोलीतलं ब्लॉकचं यंत्र दाखवलं होतं. दुहेरी मार्गावरच्या त्या यंत्राच्या काट्याला तीन जागा असतात : 'लाईन क्लोज्ड', 'लाईन क्लिअर', 'ट्रेन ऑन लाईन'. मागच्या स्टेशनने घंटीच्या ठरावीक ठोक्यांनी विचारायचं, पुढच्याने मार्ग मोकळा आहे याची खात्री करून काटा 'लाईन क्लिअर'वर आणायचा, मगच गाडी सुटायची. तोंडी शब्दावर काहीच सोडलेलं नाही. अप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण काट्याची जागा पाहून ते सांगत : ''आता रुळावरून बाजूला. गाडी येणार.'' त्यांच्या लेखी 'लाईन क्लिअर' म्हणजे सावध व्हा.

बऱ्याच वर्षांनी दीपनगरला नवे संच उभे राहत होते, तेव्हा आंध्रकडचा एक फिटर भेटला. तो सारखा 'एलसी घेतली का, एलसी दिली का' म्हणायचा. विचारल्यावर कळलं, एलसी म्हणजे 'लाईन क्लिअर'. आंध्र, तेलंगण, कर्नाटकात वीजखात्याच्या भाषेत लाईन क्लिअर म्हणजे तारेतली वीज बंद करून, आता तुम्ही काम करू शकता असा दिलेला लेखी परवाना. आपल्याकडे त्याला 'परमिट' म्हणतात. मी थबकलो. रेल्वेत 'लाईन क्लिअर' म्हटलं की गाडी येणार, माणसाने रूळ सोडायचा. विजेत 'लाईन क्लिअर' म्हटलं की वीज येणार नाही, माणसाने तारेला हात लावायचा. दोन्हीकडे लाईन मोकळीच आहे. प्रश्न एवढाच, की मोकळी कोणासाठी. गाडीसाठी, की माणसासाठी?

हे मला पुस्तकातून सुचलं असतं तर मी एक टिपण लिहून गप्प बसलो असतो. पण त्याच्या आधी, १९९४मध्ये, मी एका ठेकेदाराकडे हेल्पर होतो. यावल-रावेरच्या पट्ट्यात एका गावाबाहेर लघुदाबाच्या तारा बदलायचं काम होतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असलेला आमचा एक सोबती खांबावर होता. आम्ही त्याला नाना म्हणायचो. मी खाली, आणि तिसरा एक पोरगा लांब डीपीपाशी. सकाळी ताणाचा खड्डा खोदताना शेतकऱ्याची पाइपलाईन आमच्या पहारीने फुटली होती. ती जोडून झाली होती, आणि हौदावरून पाणी सोडून जोड गळतो का ते पाहायचं बाकी होतं. शेतकऱ्याचा मुलगा व्हॉल्व्हजवळ उभा होता. व्हॉल्व्ह आणि डीपी एकाच दिशेला, मागेपुढे.

तिकडून आवाज आला, ''लाईन सोडू का?''

मी मान वर करून नानाला सांगितलं, ''लाईन सोडू का विचारतोय.''

नाना म्हणाला, ''सोड सांग.''

मी ओरडलो, ''सोड!''

विचारणारा आमचाच पोरगा होता, डीपीवरचा. नानाला वाटलं पाइपलाईन. मला काय वाटलं होतं, हे मी तीस वर्षं स्वतःला विचारतोय. खरं उत्तर असं, की मला काहीच वाटलं नव्हतं. मी एक वाक्य जसंच्या तसं खालून वर पोचवलं आणि एक शब्द वरून खाली. नाना पट्ट्याला लटकून राहिला म्हणून वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

लेखी परवाना नव्हता, तारांना अर्थिंग केलेलं नव्हतं, ठेकेदाराने हातमोजे दिले नव्हते. दोष यांचा होताच, आणि मोठा होता. एका शब्दावर सगळं ढकलून मी कोणाला सोडवू इच्छित नाही. पुढे एका जुन्या लाईनमनने मला सांगितलं, की तो फ्यूजचे ग्रिप काढून स्वतःच्या खिशात घालूनच खांबावर चढायचा. म्हणजे खालच्यांनी काही विचारो, काही ऐको, त्याच्या खिशातून ते बाहेर येईपर्यंत वीज येणं शक्य नाही. शब्दावर विश्वास न ठेवण्याची ही रीत रेल्वेच्या काट्याइतकीच शहाणी. पण शब्दाचा वाटा होता तो होताच, आणि तो माझ्या तोंडून गेला होता. माझ्या वहीचं पहिलं पान त्या आठवड्यातलं आहे. त्यावर एकच नोंद : 'लाईन सोडणे – १. वीज चालू करणे. २. पाणी सोडणे.'

वही भरत गेली तसं लक्षात आलं, की हा शब्द वाटेल तिथे शिरलेला नाही. मराठीत या कामासाठी आधीच चांगली माणसं बसलेली होती : ओळ, रांग, रेघ, रेषा. प्रत्येकाचं काम ठरलेलं. रांग उभ्या राहणाऱ्यांची, ओळ लिहिलेल्याची, रेघ हाताने ओढलेली, रेषा भूमितीतली किंवा तळहातावरची. त्यातली काही जागा 'लाईन'ने घेतली, काही तिला मिळालीच नाही. रेशनच्या दुकानापुढची रांग लाईन झाली. पण कवितेची ओळ लाईन झाली नाही. दुकानात आपण 'सिंगल लाईनची वही' मागतो आणि घरी येऊन त्या वहीत ओळीच लिहितो. रांगोळीची रेघ रेघच राहिली. कपाशीची ओळ तर आमच्याकडे ओळही नाही. ती 'तास', आणि तासाला कोणी लाईन म्हणत नाही. त्याच शेतातल्या ठिबकची मुख्य नळी मात्र 'मेन लाईन'. एकाच वावरात बियाण्याचं तास आणि पाण्याची लाईन शेजारी-शेजारी. जे दुकानातून किंवा कंपनीकडून विकत आलं ते लाईन, जे पाभरीने केलं ते तास. माझ्या वहीतल्या बहुतेक नोंदींना हा नियम लागू पडतो : तार, नळी, रूळ, फोन, नोकरी, सरकारी रांग, म्हणजे ज्याचं दुसरं टोक आपल्या हातात नाही, ती लाईन.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते मला अडचणीत टाकतात. पोरांची 'लाईन मारणे' ही क्रिया या नियमात बसवताना मी बराच वेळ घालवला. दुसरं टोक आपल्या हातात नसतं, एवढं मात्र खरं! 'मुलगा कोणत्या लाईनला आहे?' यातली लाईन धंद्याची. 'वाईट लाईनला लागला' यातली वाटेची. 'चार रट्टे पडले की लाईनीवर येईल' ही रुळाची आहे की कवायतीची, यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. आणि 'डेडलाईन'? अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या बंदिवानांच्या तळावर आतल्या बाजूला आखलेली ती रेषा. ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. दिवाळी अंकाच्या संपादकांना हा इतिहास मी मुद्दाम कळवलेला नाही.

व्याकरणात मात्र ही बाई पक्की मराठी झाली. ओळ, रांग, रेघ, रेषा सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून हीही स्त्रीलिंगी. अनेकवचन 'लायनी'. विभक्ती लागताना 'लाईनीत', 'लाईनीने'. त्याहून पुढे, 'कायदेशीर'मधला 'शीर' लावून 'लाईनशीर' : ''लाईनशीर उभे राहा रे!'' परक्या शब्दाला आपला प्रत्यय लागला, की त्याची शिधापत्रिका झाली असं मी धरतो. याउलट 'ऑनलाईन'. तिला आम्ही अजून वाकवलेलं नाही, पण अर्थ मात्र आमचा दिलाय. तलाठ्याकडे, सेवा केंद्रात, ''तुमचं नाव ऑनलाईन दिसत नाही'' हे वाक्य ऐकून जो म्हातारा परत फिरतो, त्याच्यासाठी ऑनलाईन म्हणजे सरकारदरबारी अस्तित्वात असणं.

भाषाशुद्धीचे कैवारी इथे मला अडवतील. सावरकरांच्या चळवळीने 'दिनांक', 'महापौर' असे शब्द दिले आणि ते रुजले, हे मी कृतज्ञतेने मानतो. पुढे शासनाने 'लाईन'साठी 'वाहिनी' आणली : वीजवाहिनी, जलवाहिनी. बातमीत शोभते. पण वाहिनी दूरचित्रवाणीचीही, रक्ताचीही. 'वाहिनी सोडू का?' असं त्या पोराने विचारलं असतं, तरी उत्तर तेच गेलं असतं. जिथे माणूस हाताळत नाही, नुसता कागदावर असतो, तिथे 'रेषा' चांगली चालली : नियंत्रण रेषा, पूररेषा, दारिद्र्यरेषा. तरी दारिद्र्यरेषेखालचा माणूस स्वतःला 'बीपीएल' म्हणवतो, आणि त्यातल्या 'एल'मध्ये लाईन दडून बसलेली असते, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

'लाईनमन'चंही नाव बदललं. महावितरणच्या कागदावर तो आता तंत्रज्ञ, आणि जाहिरातीत जनमित्र. केंद्रीय विद्युत प्राधिकरण मात्र ४ मार्चला 'लाईनमन दिवस' पाळतं, आणि गावात वादळानंतर लोक हाक मारतात ती लाईनमनलाच किंवा वायरमनलाच. या बदलाविरुद्ध माझी तक्रार नाही. पगारपत्रकावर तंत्रज्ञ लिहिल्याने मान वाढत असेल तर लिहावं. पण कामाच्या जागी भाषा वेगळी हवी, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो. परवान्याच्या कागदावर नुसतं 'लाईन' लिहून चालत नाही. फीडरचं नाव, दाब, खांब कुठपासून कुठपर्यंत, हे लिहावं लागतं. तोंडी बोलतानाही तेच करावं : 'डीपी चालू करू का?', 'पाणी सोडू का?' आयटीआयच्या पोरांसमोर दोन-तीनदा मला बोलायला बोलावलं, तेव्हा मी लॅटिन, जवस, आउट्रम सगळं गाळलं आणि एवढंच सांगितलं. एका पोराने विचारलं, ''सर, मग लाईन म्हणायचंच नाही का?'' मी म्हटलं, घरी खुशाल म्हणा.

नाना त्यानंतर खांबावर चढला नाही. गावी एक झेरॉक्सचं दुकान आहे, आता तिथेच ऑनलाईन फॉर्म भरून देतो, आठ बोटांनी. मी वर्षातून एकदोनदा जातो. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मागच्या खेपेला बसलो असताना वीज गेली. समोरच्या हॉटेलातून कोणीतरी ओरडून विचारलं, ''नाना, लाईन आहे का?'' नानाने स्क्रीनवरची नजर न काढता उलट विचारलं, ''कोणती?''

हॉटेलातली पोरं हसली. ते नेहमीच असं विचारतात म्हणे.